फिलोगोनिओ भावजींचा मळा

आमचे फिलोगोनिओ भावजी गुरू झाले, त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ते गाडी चालवत होते. मागे फळ्या ठोकलेली पिकअप, वाहाका राज्याच्या डोंगरातल्या आमच्या मासातेक जमातीच्या गावातून खालच्या बाजाराला माणसं आणि कॉफीची पोती एकत्रच न्यायची. गाडीचा गिअरबॉक्स गेला. तो दुरुस्त करण्यापेक्षा गुरू होणं त्यांना सोपं वाटलं असावं.

माझे यजमान म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते गेले तेव्हा कॉफीचा तुकडा आणि त्याखालचा ओढा माझ्याकडे आला. ओढ्याच्या काठाला सासूबाईंनी लावलेली पास्तोरा होती. पास्तोरा म्हणजे मेंढपाळीण. त्या झाडाला आमच्यात असं बाईमाणसाचंच नाव आहे. चौकोनी पोकळ दांड्याचं झाड, माणसाच्या उंचीचं झालं की आपल्याच भाराने आडवं होतं आणि जिथे मातीला टेकेल तिथे मुळं धरतं. बी जवळजवळ धरतच नाही. एका बाईने दुसरीला फांदी द्यायची, दुसरीने ती ओल्या सावलीत खोचायची, एवढीच तिची शेती. सासूबाई पानं जोड्यांनी मोजून द्यायच्या, तीही आजाऱ्याला, किंवा ज्याला खरोखर काही विचारायचं असेल त्याला. पानं चावली की माणसाचं भान सुटतं, त्याला भलतंच काही दिसू लागतं, म्हणून चावणाऱ्याजवळ त्या शेवटपर्यंत बसायच्या, त्याला उठू द्यायच्या नाहीत. चव अशी कडू, की गंमत म्हणून कोणी दुसऱ्यांदा मागितल्याचं मला आठवत नाही.

भावजींनी मला न विचारता तिथून चाळीस फांद्या कापून नेल्या. जाब विचारला तर म्हणाले, "वहिनी, ओढ्यात कुजत पडलेली वस्तू मी जगापुढे आणतोय."

जगापुढे म्हणजे त्यांच्या अंगणात, भर उन्हात, सरळ ओळींत, वर कोंबडखताचे ढीग. आठवड्यात पानं करपली. मग त्यांनी काळं प्लास्टिक ताणलं, तर खाली झाडं उकडली. अकरा जगली, आणि तीही बघवत नव्हती. दारावर मात्र पाटी लागली, 'गुरू फिलोगोनिओ, पिढीजात'. कोणा परदेशी माणसाने बी मागितलं तेव्हा त्यांनी पुड्या बांधून चियाचं बी दिलं. "ते पण त्याच कुळातलं," असं मला वर सांगितलं, जणू मी शाबासकी देणार होते.

एका माणसाला लागतात तेवढी पानंही अकरा झाडांना निघेनात. म्हणून ते शहरातून याच पानांची पूड घेऊन आले, कितीतरी पट तेज केलेली, चिलमीतून ओढायची. आमच्यात पास्तोरा कोणी ओढत नाही. पान हळूहळू चढतं, माणसाला नीट बसायला वेळ मिळतो. तो धूर हातातली चिलीम खाली ठेवायलाही वेळ देत नाही. हे मी भावजींना सांगितलं होतं. ते म्हणाले, मी जुन्या वळणाची आहे. स्वतः त्यांनी एक पानसुद्धा कधी तोंडात घातलं नव्हतं. विसाव्या वर्षी डोकं ठणकत होतं म्हणून सासूबाईंनी जोड्या मोजायला घेतल्या, तर हे पेट्रोल भरून येतो म्हणून जे गेले ते दुसऱ्या दिवशी जेवायलाच आले.

उत्तरेकडून लायल नावाचा एक गोरा आला. चाळिशीचा, अंगाने धडधाकट, सोबत तिकाटण्यावरचा कॅमेरा. भावजींनी त्याला भर दुपारी गच्चीवर बसवलं. त्या गच्चीला कठडा नाही, नुसत्या सळया वर आलेल्या. मी शेजारी माझ्या अंगणात कॉफी वाळत घालत होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. भावजींनी खांद्यावर सासूबाईंचा भरतकामाचा झगा टाकला होता. बाईमाणसाचा झगा. ते पाहूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लायलने एक झुरका घेऊन धरून ठेवला. त्याचा चेहरा रिकामा झाला. मग कोणी पलीकडच्या खोलीतून बोलावल्यासारखा तो उठला आणि चालायला लागला. भावजी कॅमेऱ्यात आपण नीट दिसतोय का ते बघत होते. मी ओरडले. त्यांनी मान वळवली तोवर तो माणूस कडेवरून खाली, सिमेंटच्या विटांच्या ढिगावर पडला होता.

मांडीचं हाड मोडलं होतं. मी आणि शेजारची क्रिसांता आम्ही दाराची फळी काढून त्याला तिच्यावर घेतलं. आठ-दहा मिनिटांनी तो माणसात आला. मोडक्या स्पॅनिशमध्ये मला सांगू लागला, की तो कोणाच्या तरी घराची भिंत झाला होता आणि ते घर फार वर्षं तिथेच उभं होतं. मी म्हटलं, आता बोलू नको. मग त्याला पाय जाणवला आणि पुढचे तीन तास, खालच्या दवाखान्यात पोचेपर्यंत, त्याने दुसरं काही सांगितलं नाही. गुरू कुठे होते? संडासात, आतून कडी लावून.

जिल्ह्याहून दोन पोलीस आले. एकाने झाडांचे फोटो काढले, कोणाला तरी फोन लावून बराच वेळ हो हो केलं. आपल्या देशात या झाडाला बंदी नाही, असं त्याला कळलं. बंदी आहे ती बाहेर, कितीतरी देशांत, आणि लायलच्या मुलखातही. त्याच्या पिशवीत ओल्या मोज्यात गुंडाळलेल्या सहा फांद्या निघाल्या. त्या घेऊन घरी उतरला असता तर सरळ कोठडीत गेला असता. पोलीस हसला, मोजा माझ्या हातात दिला आणि निघून गेला.

त्यांच्या गाडीचा धुरळा बसल्यावर भावजी बाहेर आले. "कायदा माझ्या बाजूने आहे, वहिनी."

कायदा असेल, गाव नव्हतं. रविवारी सभा बसली. एवारिस्तोआजोबा सगळ्यांत जाणते, पन्नास वर्षं त्यांनी आजाऱ्यांना पानं दिलेली. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "किती जोड्या देतोस?"

"माणूस बघून."

"माणूस उठून चालायला लागला तर काय करतोस?"

"प्रार्थना करतो."

"त्या दिवशी कुठे केलीस?"

"संडासात," मागून कोणीतरी म्हणालं आणि सभा हसली. आजोबा हसले नाहीत.

"तू स्वतः किती वेळा घेतलीस?"

भावजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मला भीती वाटते तिची."

आयुष्यात हे एक वाक्य ते खरं बोलले असतील. माझं मन क्षणभर हललं, आणि हललं म्हणून माझाच मला राग आला. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि पुढे जोडलं, "पण विकायला खाऊन बघावं लागतं असं थोडंच आहे?"

सभेने ठरवलं: झाडं मुळासकट वहिनीला परत, झगाही परत, पूड संडासाच्या खड्ड्यात, आणि वर्षभर झऱ्यांची वाट साफ करायचं गावकाम. अकरातली चार झाडं ओढ्याकाठी माझ्या हाताने पुन्हा रुजली. पोलिसाने दिलेल्या सहाही फांद्या जगल्या.

पुढच्या उन्हाळ्यात लायल काठी टेकत माझ्या दारात आला. गुरू खोटा होता हे त्याला कळलं होतं. आता खरी पानं हवी होती, माझ्याकडून.

"आजारी आहेस?" मी विचारलं.

"नाही."

"काही विचारायचंय तिला?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तसं काही नाही. अनुभव हवाय."

"मग कॉफी पी आणि जा."

त्याने कॉफी प्यायली, दोनदा आभार मानले आणि वाटेला लागला. त्या वाटेवरच भावजी फावड्याने गाळ उपसत होते. मला वाटलं, हा माणूस आता काठी उगारेल. उगारायला हवी होती. दोघं थोडा वेळ बोलले. मग भावजींनी हात चड्डीला पुसले, लायलने फोन लांब धरला आणि दोघांनी गळ्यात गळे घालून फोटो काढला. मी वाळत घातलेली कॉफी उलथायला परत अंगणात गेले.