हरकत नसल्यास

काकांनी फोन कानाला लावला आणि मोकळ्या हाताने खिडकी ओढून घेतली. खालच्या टायरच्या दुकानात पुन्हा हातोडा सुरू झाला होता.

“साहेब मीटिंगमध्ये आहेत.” मंत्रालयातला आवाज इतका खणखणीत होता की टेबलापलीकडे बसलेल्या पुतणीलाही तो स्पष्ट ऐकू आला.

“बाहेर कधी येतील?”

“साडेपाचला.”

“अहो, मला पाचच्या आत उत्तर हवंय. सकाळपासून सांगतोय.”

“सांगितलं ना मी साहेबांना. म्हणून तर त्यांनी साडेपाच म्हटलंय.”

काकांनी फोन जागेवर ठेवला आणि त्याची वायर उगाच सरळ केली.

“काय म्हणाले?” पुतणीने ऐकलं असूनही विचारलं.

“राजधानी विचारात पडलीय.”

“पलंगाखाली लपलीय म्हणा,” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. “आमच्याकडे भाडं मागायला कोणी आलं की माझे वडील असेच विचारात पडायचे.”

ते स्वयंपाकघर, मधली झोपायची खोली आणि ही बाहेरची खोली मिळून त्यांच्या देशाचं प्रतिनिधी कार्यालय होतं. या शहरात सहा शेजारी देशांच्या संघाचं सचिवालय होतं. बाकीच्या पाचांच्या मोठाल्या इमारती होत्या आणि विषयागणिक वेगळा माणूस होता. इथे मासे, पोलाद, व्हिसा, दूध, सगळ्याला काका एकटेच. दोन समित्या एकाच वेळी बसल्या की एकीत हजेरी लावून ते दुसरीकडे धावत. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कोचावर रात्री पुतणी झोपायची. ती इथल्या विद्यापीठात गरीब देशांच्या आपसातल्या व्यापारावर प्रबंध लिहीत होती आणि फावल्या वेळात काकांची टिपणं टाइप करून द्यायची.

संघाची एक जुनी रीत होती. मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि मुदत द्यायची. तेवढ्या वेळात कोणी हरकत घेतली नाही, तर मसुदा मंजूर. हात वर करायला नको की सही करायला नको. नुसतं गप्प बसलं की झालं. हरकतीलाही फार काही लागत नसे. कार्यालयाच्या पत्त्यावरून एका ओळीची ई-मेल गेली की पुरे.

आजचा मसुदा दूध पावडरीचा होता, आणि मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. येत्या वर्षापासून सहाही देशांत तिच्यावरची जकात उठणार होती. थोरला शेजारी देश पावडर इतकी स्वस्त विकत होता की तिच्यापुढे त्यांच्या देशातला एकुलता एक कारखाना वर्षभरही तगला नसता. पुतणीने प्रबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. आणि त्या कारखान्यात तिचे बाबा, म्हणजे काकांचे सख्खे दादा, पाळीवर मुकादम होते. परवाच फोनवर हसत म्हणाले होते, “तुम्ही दोघं तिथे बसलाय म्हटल्यावर मला कसली काळजी?”

“काका, तुम्हीच पाठवा ना. साहेबांना मागाहून कळवा.”

“आणि कळवू काय? आदेशाशिवाय मी बोललो तर देश बोलला असं होत नाही, मी बोललो असं होतं. उद्या मला परत बोलावतील. परवा माझ्या खुर्चीवर दुसरा कोणी येईल आणि पहिलं काम म्हणून माफी मागेल.”

“पण गप्प बसूनच तर आपण हरतो. लहान देश बोलत नाहीत, म्हणून—”

“म्हणून हरतात. वाचलंय मी तुझं प्रकरण, विदुषीबाई. छान वाक्य आहे.” काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. “कुठल्या देशात बसून लिहिलंस?”

ती खुदकन हसली. खोलीत उकडत होतं. खिडकी उघडली की हातोडा आत यायचा, लावली की हवा बाहेर राहायची. भिंतीवरच्या नकाशात त्यांचा देश थोरल्या शेजाऱ्याच्या कुशीत बोटाएवढा दिसत होता. समुद्राकडे जाणारा एकच रस्ता, तोही शेजाऱ्याच्या अंगणातून.

“मागे सिमेंटच्या मसुद्यावर आपण बोललो होतो,” काका म्हणाले. “तू शाळेत असशील.”

तिला आठवत होतं. शेजाऱ्याने रागाचा एक शब्द काढला नव्हता. फक्त सीमेवर ट्रकांची तपासणी सुरू केली. कसून, अगदी नियमाने. डिझेल संपलं, शाळेची बस बंद झाली, आणि आजीच्या दम्याच्या औषधासाठी बाबा तालुकाभर सायकल हाणत फिरले. शेवटी आपल्या मंत्र्यांनी जाऊन शेजाऱ्याच्या पाहुणचाराचं तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा कुठे ट्रक हलले.

काकूंनी चहा आणून ठेवला. कोणी कपाला हात लावला नाही.

“मी काय म्हणते,” काकू म्हणाल्या, “भावजींना निदान कानावर घालून ठेवा. दुसरीकडे कुठे चिकटायचं बघतील.”

“पन्नाशीच्या पुढच्या मुकादमाला कोण चिकटवून घेतंय?” काका म्हणाले. काकू रिकामा ट्रे छातीशी धरून तशाच आत गेल्या.

काकांनी संगणकासमोर खुर्ची ओढली, सचिवालयाचा पत्ता घालून एक कोरी ई-मेल उघडली, तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मागे टेकले.

“गंमत सांगू? गेल्या खेपेला एका कार्यालयातल्या टायपिस्टने भलत्याच मसुद्यावर हरकत धाडली. नुसती चूक. पण एकदा हरकत आली म्हणजे आली. तो मसुदा वर्षभर समितीत लोळत पडला.”

“आणि तो टायपिस्ट?”

“त्याला काय होणार? पोरगा नवखा आहे म्हणाले, सोडून दिलं.” काका उठले. “तोंडावर पाणी मारून येतो. फार उकडतंय.”

एरवी ते दाराशी आलेला पेपर उचलायला गेले तरी संगणक बंद करून जात. आज तो तसाच उघडा राहिला. न्हाणीघराची कडी लागली आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

पुतणी काही वेळ जागची हलली नाही. मग ती टेबलाला वळसा घालून काकांच्या खुर्चीत बसली. खुर्ची गरम होती. पाच वाजायला थोडाच अवकाश होता.

तिने लिहिलं: आमची या मसुद्याला हरकत आहे.

ओळ फार साधी दिसत होती. प्रबंधात तिने याच विषयावर पानंच्या पानं भरली होती, पण असं छोटं वाक्य त्यात एकही नव्हतं. तिने बोट पाठवायच्या बटणावर ठेवलं. बाबा डोळ्यांपुढे आले. त्यांच्या मागोमाग सीमेवरची ट्रकांची रांग आली, आणि उशांच्या थप्पीला टेकून बसून श्वास ओढणारी आजी. काकांना परत बोलावलं तर इथेच राहतील अशा, काकूंनी कुंड्यांत लावलेल्या मिरच्या आल्या. मग आपली शिष्यवृत्तीही आली. ती कोणत्या देशाच्या पैशातून येते, हे तिला इतके दिवस माहीत होतं, पण असं आठवलं नव्हतं.

न्हाणीघरात नळ वाहतच होता.

“अहो, टाकी रिकामी कराल!” काकू ओरडल्या.

तिने बोट उचललं. पुन्हा ठेवलं. मग एकेक अक्षर मागे खात ती ओळ कोरी केली, आणि टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत येऊन बसली. खाली हातोडा थांबला. दुकानवाल्यांची चहाची वेळ झाली असावी. संगणक हलकेच वाजला. सचिवालयाचा निरोप होता: कोणाचीही हरकत न आल्याने मसुदा संमत झाला आहे, सर्व सदस्यांचे आभार.

त्यानंतर नळ बंद झाला.

काका बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, सरळ पडद्याकडे गेले. आलेला निरोप न उघडताच त्यांनी पाठवलेल्या ई-मेलची यादी काढली आणि वाकून वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, आणखी जवळ जाऊन. त्यांचा चेहरा कोरडा होता. कानशिलांवरचा घाम तसाच होता.

“काका…”

“काही नाही गं.” ते खुर्चीत बसले. “बरोबर केलंस. मीही हेच केलं असतं.”

तिला काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांनी हात वर केला आणि फोन पुढ्यात ओढला. या वेळी मंत्रालयाचा नंबर नव्हता. फिरवता फिरवता ते एकदा चुकले, पुन्हा फिरवला. पलीकडे कोणीतरी “थांबा, बोलावतो” म्हणालं. यंत्रांची एकसारखी घरघर ऐकू येत होती. दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली असणार.

“हां, बोल रे,” बाबांचा आवाज आला. “आज कसा काय फोन?”

काकांनी तोंड उघडलं. मग फोन तिच्यासमोर धरला.

तिने तो घेतला आणि कानाशी लावला. घरघर आता अगदी जवळ आली.

“हॅलो?” बाबा म्हणाले. “हॅलो? कोण आहे? अहो, जरा मोठ्याने बोला, इथे मशीन चालू आहे.”