शेजारणीला विचारा

दहा नंबरला, वॉल्टर ऑर्मरॉडच्या दाराच्या काचेवर आतून एक पिवळं कार्ड चिकटवलेलं होतं. ‘काही विकायला आला असाल, तर आधी बारा नंबरच्या शेजारणीला विचारा.’ खाली कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, शिक्का. बारा नंबरची शेजारीण म्हणजे एनिड हॉवर्थ. वय शहात्तर, पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढलेली, आणि खोटी सही आपल्याला नुसत्या वासावरून कळते असं येता-जाता सांगणारी.

म्हाताऱ्यांना दारात गाठून गंडवणारे फार माजले, तेव्हा कौन्सिलनं ही युक्ती काढली होती. इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या मॉरकॅमच्या त्या गल्लीत चार दारांवर कार्डं लागली आणि चारही म्हाताऱ्यांनी नाव दिलं ते एनिडचंच. मग काय विचारता! तीन वर्षांत तिनं अंगणात डांबर घालणारे, खिडक्या बदलणारे, अनाथांसाठी वर्गणी मागणारे, सगळ्यांना पिटाळून लावलं. त्यातले दोघेतिघे खरेही असतील बिचारे. पण एनिडला पिटाळायची गोडी लागली होती, खोटं कशाला बोला?

वॉल्टर सत्त्याऐंशीचा. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्याची बायको नेल दोन वर्षांपासून खाडीपलीकडे ग्रेंजच्या शुश्रूषागृहात होती, कारण तिला एकेक गोष्ट आठवेनाशी झाली होती. आठवड्यातून तीनदा हा काठी टेकत, लँकेस्टरला गाडी बदलून तिच्याकडे जायचा. शुश्रूषागृहाच्या समोरच म्हाताऱ्यांसाठी तळमजल्यावरची घरं होती. त्यातलं एक ईस्टरपर्यंत त्याच्या नावानं राखून ठेवलं होतं. इथलं घर विकायचं आणि तिकडं जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

“ती मला ओळखतेय तोवर पोचायचंय, पोरी,” तो एनिडला म्हणायचा. शहात्तरीच्या बाईला पोरी म्हणणारा गल्लीत तो एकटाच उरला होता.

फेब्रुवारीत एक दिवस एनिडची घंटा वाजली. दारात चाळिशीचा माणूस, कोटावर पावसाचे थेंब, छातीवर ओळखपत्र. नाव डॅरन.

“दहा नंबरचं कार्ड वाचलं आणि सरळ तुमच्याकडे आलो, मॅडम. सगळ्यांनीच अशी कार्डं लावली ना, तर आमच्या धंद्यातले लबाड उपाशी मरतील.”

“गोड बोलू नका. ओळखपत्र इकडे द्या.”

“घ्या ना. फोनही लावून बघा. तुम्ही लावला नाहीत तर मलाच चैन पडायचं नाही.”

एनिडनं त्याच्या तोंडावर दार लावलं आणि ओळखपत्रावरचा नंबर फिरवला. पलीकडून गोड आवाजातली बाई म्हणाली, हो, आमचेच आहेत ते, घरं उबदार करायच्या सरकारी योजनेतलं काम बघतात. एनिडनं तिला उलटसुलट दहा प्रश्न विचारले. तोवर डॅरन वीस मिनिटं पावसात उभा होता, हूं की चूं न करता. तिला वाटलं, झाली याची परीक्षा.

अहो, ज्याचं ओळखपत्र त्याचाच नंबर, मग फोन उचलणार कोण? त्याचीच माणसं ना? शेंबड्या पोरालाही कळेल. कौन्सिलच्या पत्रकात ठळक छापलं होतं की नंबर आपला आपण शोधावा. आणि ते पत्रक घरोघर वाटलं कुणी? एनिडनंच!

मग ती स्वतः त्याला वॉल्टरकडे घेऊन गेली. वॉल्टरनं चहा केला, बिस्किटांचा डबा उघडला. डॅरन शिडी लावून माळ्यावर गेला आणि फोनमध्ये फोटो काढून खाली आला. काळी बुरशी चढलेले वासे. कुणाच्या घराचे होते देव जाणे.

“घर विकायचंय म्हणता? मग हे बघून कोण घेईल? आतून फोमचा फवारा मारला आणि तो फुगून घट्ट बसला की छप्पर कोरडं आणि घर उबदार. वर तसा दाखला मिळतो. दाखला असला की घर महिन्यात जातं. पण सरकारी सवलत आजच्या दिवसापुरतीच आहे हं, साहेब. उद्या याच भावात मागाल तर मला देता येणार नाही.”

वॉल्टरनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं पाहिलं एनिडकडे.

“तू बघितलंयस ना याला?”

“मी बघितलंय,” एनिड म्हणाली.

झालं. वॉल्टरनं सही केली. साक्षीदार म्हणून एनिडनं केली, आणि वर डॅरननं चुकवलेला पत्ताही ऐटीत दुरुस्त करून दिला. मागून आणखी एक कागद आला. काम ताबडतोब सुरू करा, असं लिहिलेला. दाखला लवकर मिळेल म्हणून वॉल्टरनं त्यावरही सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण नळी घेऊन आले आणि दुपारच्या आत माळा पिवळ्या फोमनं भरून निघून गेले. वॉल्टरची साठवलेली पुंजी त्यांच्याबरोबर गेली.

मार्चमध्ये गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं होतं, घर त्यांना मनापासून आवडलं. त्यांच्या बँकेचा माणूस तपासणीला आला, माळ्यावर डोकं घातलं आणि दोन मिनिटांत खाली.

“वाशांना फोम घट्ट चिकटलाय,” तो हात पुसत म्हणाला. “आतलं लाकूड धड आहे की कुजलंय, दिसायला मार्ग नाही. असल्या घरावर बँक कर्ज देत नाही.”

जोडपं दहादा माफी मागून गेलं. दुसरं गिऱ्हाईकही तसंच गेलं. फोम खरवडून काढायचा तर घालायला लागले त्याच्या दुप्पट पैसे, आणि छप्पर शाबूत राहील याची खात्री नाही. एनिडनं गोड आवाजाच्या बाईचा नंबर चाळीसदा फिरवला. नंबर बंद. कंपनीच बंद.

कौन्सिलची बाई आली. बरी होती, पण तिच्या पिशवीत अशीच वीसेक प्रकरणं होती. कागद चाळून म्हणाली, “सही केल्यावर चौदा दिवसांत माघार घेता येते. पण काम ताबडतोब करा असं तुम्हीच लिहून दिलंत, आणि काम तर दुसऱ्याच दिवशी संपलं. आता कंपनीही गायब. धरायचं कुणाला? बरं, त्याला आत घेण्याआधी तपासलं कुणी?”

एनिडनं तोंड उघडलं. तिच्याआधी वॉल्टर बोलला.

“मीच घेतला आत. हिला विचारलंच नाही मी. साक्षीची सही मागाहून घेतली.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं एनिडला झालं. बाई गेल्यावर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “खोटं का बोललात?”

“तुझं नाव काढून टाकलं असतं, पोरी. बाकीच्या तिघांनी मग जायचं कुणाकडे?”

“मला शिव्या तरी घाला हो!”

“शिव्यांनी फोम निघतो का?” म्हणत तो कपबश्या विसळायला उठला. त्यानं आरडाओरडा केला असता तर तिला जरा बरं वाटलं असतं.

ईस्टर उलटला. ग्रेंजचं घर दुसऱ्या कुणाला दिलं गेलं. यादीत वॉल्टरचं नाव पुन्हा खाली गेलं, आणि पाळी आली तरी आधी इथलं घर विकलं जायला हवं होतं. एनिडनं वकिलाला विचारलं, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, खासदाराच्या कचेरीत जाऊन बसली. सगळीकडे लोक हळहळले. हळहळ फुकट असते.

मे महिन्यात एक दिवस वॉल्टर ग्रेंजहून परतला आणि तिच्या फाटकाशी थांबला.

“आज नेलनं मला विचारलं, कुणाला भेटायला आलात? मी म्हटलं, नेलला. तर म्हणाली, ती बाहेर गेलीय, बसा, येईल इतक्यात.” तो जरा हसला. “मग बसलो.”

एनिडनं फाटक उघडून धरलं.

“उद्या ओळखेल. एक दिवसाआड ओळखते ती,” म्हणून तो घरी गेला.

पुढच्याच आठवड्यात दहा नंबरसमोर एक पांढरी गाडी उभी दिसली. एनिडची घंटा वाजली नव्हती. ती घरातल्या चपलांवरच धावली, घंटा दाबली, दार ठोठावलं. दार वीतभर उघडलं. वॉल्टरनं आतली साखळी काढली नव्हती.

“एनिड होय.”

“कोण आलंय आत?”

“फोम काढून देणारा आहे. आज ठरवलं तर निम्म्या पैशात म्हणतो. नळीवाल्यांनी फसवलेल्यांना सवलत आहे म्हणे.”

“अहो, हेही त्यातलेच! एकदा फसलेल्या म्हाताऱ्यांची यादी असते त्यांच्याकडे. त्याला माझ्याकडे का नाही पाठवलंत?”

“तुला उगाच कशाला त्रास,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला भांडता आलं असतं. “आणि खरं सांगू का, पोरी? तू नको म्हणालीस तरी मला त्याचं काही वाटणार नाही, आणि हो म्हणालीस तरी. मला वेळ नाही आता.”

आत शिडी करकरली. “साहेब, जरा वर येऊन बघता का?” कुणीतरी मोठ्या अदबीनं हाक मारली.

एनिडला हजार गोष्टी सांगायच्या होत्या. पण कुठल्या तोंडानं सांगणार?

“वॉल्टर, सही करू नका. तुमच्या पाया पडते.”

“बरं, बघतो हं,” वॉल्टर म्हणाला, दारावर आलेल्या कुणालाही म्हणावं तसं, आणि त्यानं दार हळूच लावून घेतलं.