शून्य मिलिमीटर

"दादा, आप्पा गेलं त्या दिवशी पाऊसच न्हवता म्हनं," रुपाली म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. आई भाकरी थापत होती, तिचाही हात थांबला.

"डोकंबिकं फिरलंय का तुझं?" मी म्हणालो. "ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेला आपला बाप. आन् पाऊस न्हवता?"

"मी न्हाई म्हनत. हितं लिवलंय."

तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. आकडेच आकडे. त्या तारखेवर तिनं बोट ठेवलं. तारखेपुढे शून्य.

रुपाली माझी धाकटी बहीण. आमच्या वस्तीतली पहिली एमएस्सी, तीही फिजिक्समध्ये. हे खूळ तिला आप्पांनी लावलं. आप्पा ओढ्यापल्याड बसवलेल्या गावच्या पर्जन्यमापकाची नोंद घ्यायचे. रोज सकाळी त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, उकिडवं बसून डोळा पाण्याच्या रेषेला लावायचा आणि आकडा फोनवरून कळवायचा. ही चिमुरडी शेजारी तशीच उकिडवी. "वरनं बगितलं की खोटं दिसतं, बाळा. डोळ्याम्होरं धरून बगावं," आप्पा सांगायचे.

पुढं ती पीएचडी करणार होती. आप्पा गेले आणि तिनं विद्यापीठच सोडलं. हिंजवडीला एका कंपनीत क्वांट म्हणून लागली. म्हणजे काय ते मी तिला कितीदा विचारलं असेल! हवेतले कण कसेही भरकटतात, त्याचं जे गणित, तेच म्हणे शेअरच्या भावाला लागू पडतं. आता त्याच गणितानं ती पावसाच्या विम्याचं काम करते. गावाला मात्र ती बँकेत आहे असंच वाटतं. शेजारचा कोंडिबा तर भेटला की ट्रॅक्टरच्या कर्जाचं विचारतो. कुणाकुणाला समजावणार?

"आप्पा मोजायला निगालं आन् पोचलंच न्हाईत," ती म्हणाली. "नोंद झालीच न्हाई. जागा मोकळी राह्यली. मोकळ्या जागंला मशीन शून्य समजतं."

"मंग सायबाला सांग की."

"सांगितलं. म्हनला, आजूबाजूच्या गावांच्या पावसावरनं अंदाज काढ आन् भरून टाक. त्याला काय! अंदाज काडलाय मी. हातच उचलंना भरायला."

"का?"

ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "ह्या आकड्यांवरनं हजारो पावसाळे पाडते मी ह्याच्यात, दादा. एकातबी त्या दिवशी ओढा चढत न्हाई. आप्पा जात्यात, पानी मोजत्यात, घरी येत्यात. रोज ऑफिसात मी त्यास्नी घरी आलेलं बगते."

खोटं कशाला सांगू, मला वाटलं, राहू दे ते शून्य तसंच.

आई बोललीच. "मंग ऱ्हाऊंदे की. कुनाचं काय खातंय ते? हितं न्हाई तर तितं तरी जगूंदे त्यास्नी."

"खातंय, आई," रुपाली म्हणाली. "शून्य ठिवलं तर ह्या अंगाला तसला पाऊस पडतच न्हाई असं ठरतंय. मंग आपल्या वस्त्यांच्या विम्यातनं अतिवृष्टीच काडून टाकतील. उद्या त्या ओढ्याकाठच्या गंगूबाईचं घर गेलं तर तिला म्हनतील, बाई, तुमच्याकडं असा पाऊस कदी झालाच न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. आईला तिचा वाससुद्धा आला नाही. ती दाराजवळच्या खिळ्याकडे बघत होती. तिथं आप्पांचा रेनकोट आहे. रात्रभर कोसळून त्या सकाळी जरा उघडीप होती, म्हणून आप्पा तसेच निघाले. "न्या की वो तो," आई मागून ओरडली, तर "आलोच गं" म्हणाले. तेव्हापासून त्या रेनकोटाला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा धुवायला काढला होता, तर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

"वरनं बगितलंस का डोळ्याम्होरं धरून?" आईनं विचारलं.

"डोळ्याम्होरं धरून, आई. लई वेळा."

"मंग भर. त्यांनी कदी खोटा आकडा सांगितला न्हाई. त्यांच्या नावावर आपुन कशाला ठिवायचा?"

रुपालीनं आकडा भरला. किती ते मी बघितलं नाही, माझ्यानं बघवलंच नाही. यंत्र थोडा वेळ घुरघुरलं. मग पडद्यावरच्या रेघा एकाएकी वर चढल्या, आणि माझी एवढी शिकलेली बहीण लॅपटॉप मिटून लहान पोरीसारखी रडायला लागली.

"चढला ओढा," ती म्हणाली.

आई तिला जवळ घेईल असं मला वाटलं, पण ती नुसतीच तव्याजवळ बसून राहिली. मला दोघींचाही राग आला, आणि स्वतःचाही. घोटावड्याला कारखान्यात माझी दुसरी पाळी होती. मी डबा उचलला आणि दारात चपला घालायला लागलो.

मागं काहीतरी चरचरलं. आईनं खिळ्यावरचा रेनकोट काढला होता. इतक्या वर्षांनी त्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या ती एकेक करून सोडवत होती. दारात जाऊन तिनं तो झटकला आणि माझ्यापुढं धरला.

"घालून जा."

"आई, भाईर ऊन पडलंय."

"घालून जा म्हन्ते ना!"

मी घातला. बाह्या आखूड झाल्या. अंगणात लख्ख उन्हात उभं करून आईनं एकेक बटण लावलं, पार गळ्यापर्यंत.