शेडमधलं औषध

मल्लेशमच्या मुलीच्या रक्तात जंतू वाढले होते आणि ते कशालाच जुमानत नव्हते. अपुऱ्या दिवसांची पोर, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. आमच्याकडे एकच औषध उरलं होतं, कोलिस्टिन. ते सुरू केलं होतं. त्या सकाळी प्रयोगशाळेचा निकाल आला की तेही चालणार नाही.

वॉर्डाबाहेर येऊन मी मल्लेशमला सांगितलं. औषधाचं नाव ऐकून त्याचा चेहरा एकदम खुलला.

"कोलिस्टिन? अहो मॅडम, ते तर आपल्याकडे डबाभर आहे, शादनगरला शेडमध्ये. फोन करतो, मेहुणा घेऊन येईल."

"तुमच्याकडे कशाला?"

"कोंबड्यांना. पिल्लं आली की पाण्यात टाकायचं. कंपनीचा माणूसच आणून देतो. एक पिल्लू दगावत नाही, वजनही झपाझप चढतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं जरा हलकं असेल. आमचं देऊन बघा ना."

माझं डोकं फिरलं. तेव्हा कोंबड्यांची ती भुकटी विकायला कसली मनाई नव्हती. आणि आम्हाला बाळाला एक इंजेक्शन द्यायचं तर मोठ्या डॉक्टरांच्या सह्या गोळा कराव्या लागायच्या, का, तर शेवटचं औषध आहे, जपून वापरा. आम्ही थेंब थेंब जपत होतो आणि इकडे पिंपंच्या पिंपं कोंबड्यांना पाजली जात होती. जंतू काय मूर्ख आहेत? रोज पाजल्यावर औषध पचवायला शिकणारच ते.

हे सगळं मी त्याला चारचौघांत, वरच्या पट्टीत सुनावलं. त्याची बायको पावनी भिंतीला टेकून ऐकत होती.

"आम्ही नाही खात मॅडम त्या," मल्लेशम घाईघाईने म्हणाला. "शपथ. घरासाठी अंगणात गावरान कोंबड्या वेगळ्या पाळल्यात, त्यांना थेंबसुद्धा देत नाही. हिला दिवस गेल्यापासून तर शेडमधला तुकडा घरात आणला नाही."

म्हणजे ह्याला ठाऊक होतं.

"मग त्या खातं कोण?"

"हे अख्खं हैदराबाद," तो म्हणाला.

खालच्या कॅन्टीनमधून कोंबडीच्या रश्शाचा वास वर येत होता. जंतू मल्लेशमच्या हातावरून घरात आला, पावनीच्या पोटातून आला की आमच्याच वॉर्डाच्या नळातून, कोण सांगणार? कंपनीच्या माणसाला तर कोणी विचारायलाही जाणार नव्हतं. त्याचा संताप मला अजून येतो.

दुपारी पोरीचा श्वास तुटायला लागला. तोवर आम्ही घरच्या कोणाला कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तिच्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. मी दोघांनाही आत बोलावलं. पावनी थेट पाळण्याशी गेली. मल्लेशम दाराजवळच्या नळाशी थांबला आणि बाह्या सरसावून कोपरापर्यंत साबण चोळू लागला, नर्सनी शिकवलं होतं तसं.

"राहू द्या," मी म्हणाले. "आता नाही धुतले तरी चालतील. घ्या तिला."