साडेतीन किलोंवर अडकलेली सुई

मित्रांनो, किराणा दुकानाच्या कोपऱ्यात, रिकाम्या डब्यांशेजारी जो गंजका वजनकाटा दिसतो ना, तो मी. नवा होतो तेव्हा माझी पितळी परात लखलखायची. साखर, साबण, खिळे, सगळं मी तोललं. "माझा काटा खोटं बोलत नाही," असं दुकानदार छाती फुगवून सांगायचे. मग आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आणि मी अडगळीत पडलो.

माझ्याकडे यायची फक्त ठमाबाई, दुकानातली मांजर. शटर उघडलं की ती माझ्या परातीत मुटकुळं करून झोपायची. सुई साडेतीन किलोंवर जायची. तेवढंच माझं काम, पण मी ते मन लावून करायचो.

एकदा गल्लीतल्या कुत्र्याने तिची मांडी धरली. मालकीणबाईंनी झाडू उगारून त्याला पिटाळलं. दाताच्या दोन बारीक खुणा तेवढ्या उमटल्या होत्या.

"अहो, डॉक्टरांकडे नेऊ या हिला."

"एवढंसं तर लागलंय! चाटून चाटून बरी होईल," दुकानदार म्हणाले.

जखम मिटली. ठमाबाई मात्र चार दिवस बशीला तोंड लावीना. दुकानदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बघ, साडेतीन किलो. जराही कमी नाही. उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

बाईंना ते पटेना. त्यांनी तिला उचललं. परात रिकामी झाली, तरी माझी सुई साडेतीनवरच! ठमाबाईचेच केस माझ्या पोटात गुंतले होते. जन्मात पहिल्यांदा मी खोटं बोललो, तेही तिच्या जिवावर बेतेल असं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी तबकडी उघडून केस काढले, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला आणि पुन्हा तोललं. जेमतेम तीन किलो. दुकानदारांचा चेहरा उतरला. त्यांनी भरदिवसा शटर ओढलं आणि ठमाबाईला टोपलीत घेतलं.

"वरून मिटलंय, आत पू झालाय," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "औषध चुकवू नका. रोज वजन करा."

विजेच्या काट्यावर ती क्षणभरही थांबेना. म्हणून पुन्हा मी. बाई तिला टॉवेलात गुंडाळून औषध पाजायच्या, पिचकारीने पातळ अन्न भरवायच्या. हातभर ओरखडे आले, पण त्या म्हणायच्या, "ओरबाड हवं तेवढं. मी सोडणार नाही."

पाच दिवस सुई तीनच्या पुढे हलली नाही. बाईंचा चेहरा पाहून वाटायचं, जरा पुढे सरकावं. पण नाही! आता खोटं बोलायचं नाही, हे मी ठरवलं होतं. सहाव्या दिवशी सुई आपणहून एक रेघ वर गेली.

"अगं, सरकली!" दुकानदार लहान मुलासारखे ओरडले.

मित्रांनो, मुक्या जिवाला लागलं तर वरची जखम पाहून निश्चिंत होऊ नका. आणि माझ्यासारख्या जुन्यावर विसंबण्याआधी त्याला साफ करून तपासत चला.

आज सुई साडेतीनवर गेली. दुकानदारांनी ठमाबाईला उचललं आणि श्वास रोखून माझ्याकडे पाहत राहिले. मी थेट शून्यावर आलो.