रय्याची सांडणी

गझालाच्या पाठीवरची झूल काढताच रय्याला काळे डाग दिसले. बोट टेकवलं तर सांडणी ओरडून मागे सरली. आई मेलेल्या या पिल्लाला रय्यानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, वाळूत पळायला शिकवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या शर्यतीच्या सरावासाठी तिला भाच्याकडे, सुहैलकडे सोपवलं, तेवढंच.

शर्यतीत पाठीवर बसवायचा यंत्रस्वार शेजारीच पडला होता. रय्यानं तो उलटा केला. खालच्या कापडातून तांब्याच्या दोन तारा बाहेर आल्या होत्या.

"हे काय रे?"

"थोडासा झटका, आत्या. नुसत्या छडीला कोण दाद देतंय? सगळेच देतात."

"मग लाव की तुझ्या बरगडीला! बघू किती पळतोस!"

"हळू बोल, लोक ऐकतील."

"ऐकू देत!"

आवाज ऐकून सुहैलचा बाप, तिचा भाऊ हमूद आला. "रय्या, घरातली गोष्ट घरात ठेव. तासाभरात शर्यत आहे."

रय्याचं डोकं सणकलं. उंट लंगडला की त्यांचा बाप खाली उतरून वाळवंटात कोसभर पायी चालायचा. त्याच बापाचा मुलगा हे बोलत होता! तिनं यंत्र बगलेत मारलं आणि तरातरा पंचांच्या तंबूत जाऊन टेबलावर आदळलं.

तरुण पंच गोंधळला. "मावशी, तुमचीच सांडणी बाद होईल."

"करा बाद. आणि नाव नीट लिहा. मालकीण, रय्या बिंत सालिम. तारा लावणारा, माझा भाचा."

सुहैलवर दोन वर्षांची बंदी आली. हमूद गाडी घेऊन निघून गेला. बहिणीकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. शेवटी मतर नावाच्या म्हाताऱ्यानं, तिच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यानं, गझालाला आपल्या पिकअपमध्ये बसवून घेतलं.

"माझ्या सांडणीनं आज तुझीला हरवलंच असतं," तो म्हणाला.

"स्वप्नात!" रय्या म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.

गझाला पुन्हा शर्यतीत उतरली नाही. पाठीवर साधं फडकं टाकलं तरी थरथरायची. पुढच्या हिवाळ्यात रय्यानं तिला पिल्लासाठी चांगल्या वंशाचा नर दाखवला.

ईदला हमूदचा निरोप आला: सुहैलची माफी माग, मग घरी ये.

"माफी?" रय्यानं निरोप्याच्या पेल्यात कॉफी ओतली. "सुहैलला म्हणावं, आधी इथं येऊन गझालासमोर उभा राहा. तिनं जवळ येऊ दिलं, तर माफीचं मी बघेन."

निरोप्या कॉफी संपवून निघून गेला. सुहैल काही आला नाही.