बुरुजाची बाटली

नवरात्र बसायच्या आधी घरातली प्रत्येक चीज पाण्यातून काढायची, हा आपल्याकडचा रिवाज. नांदूरघाटच्या बायका त्यात कुणाला हार जात नाहीत. गोधड्या, पाट, उतरंडीची मडकी, पाळण्याचे दोर, सगळं गाडीत घालून नदीवर न्यायचं आणि हात गळून पडेस्तोवर घासायचं. मोहनरावांच्या रुक्मिणीबाईनं तर त्या वर्षी धान्याचं बळदही सोडलं नाही. त्या गार, अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात फरामजी साहेबांच्या दोन बाटल्या दोन वर्षं आडव्या पडल्या होत्या. वर जाळी, धूळ आणि बुरसटलेले कागद. देवीच्या घरात ही घाण कशाला, म्हणून तिनं त्याही पाटीत टाकल्या. हाताखालच्या बायनाबाईनं त्या राखेनं घासल्या, आणि एक कागद काही केल्या निघेना तो रुक्मिणीबाईनं स्वतः नखानं खरवडून काढला. त्यावर बुरुजाचं चित्र होतं. बाटल्या अशा लखलखीत निघाल्या की तिनं त्या उन्हाकडे धरून कौतुकानं पाहिल्या.

बाईचा गुन्हा म्हणाल तर एवढाच. स्वच्छतेपायी माणूस फासावर जात नाही म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांनी मोहनरावांचं घर पाहिलेलं नव्हतं.

घटाची चौथी माळ चढली त्या दिवशी केजहून चपराशी आला. फरामजी साहेब म्हणजे निजाम सरकारच्या तलावांचे पारशी इंजिनियर. मागे मुक्कामाला आले तेव्हा बळदाचा गारवा पाहून खूश झाले, आणि फ्रान्सची लाल वाईन, एक जुनी आणि एक तिच्याहून दहा वर्षांनी तरणी, तिथं मुरत ठेवून गेले. आता तालुकदार साहेबांना घेऊन ते उद्या संध्याकाळी येणार होते. दोन्ही शेजारी शेजारी मांडून चाखायच्या, वर्षांनी काय केलं ते ताडून बघायचं, असा बेत होता. चपराशानं बुचं उपटायचा पिळाचा दांडा आणि काचेच्या दोन सुरया पुढं ठेवल्या आणि निरोप सांगितला. दुपारीच बुचं काढायची, हलक्या हातानं सुरयांत ओतायचं, तळचा गाळ बाटलीतच राहू द्यायचा. ज्या बाटलीवर बुरुजाचं चित्र ती जुनी, ती चांदीच्या गळ्याच्या सुरईत. द्राक्षाच्या घोसाची ती तरणी, ती साध्या सुरईत. साहेबांनी हे दोनदा बजावलं होतं म्हणे.

आत दाराआड उभ्या असलेल्या रुक्मिणीबाईला आपल्या नखाखाली तो बुरूज पुन्हा जाणवला.

मोहनराव आत येऊन म्हणाले, ओतायचं काम तुझंच. तूप निवळून घ्यायला तुझा हात बसलेला आहे, त्यातला गाळ वर येत नाही; यातलाही येणार नाही. मग आंघोळ करून घे. ओसरीवर सरकारी माणसानं प्यालेली दारू घटाला बाधत नाही, घरच्या माणसाच्या ओठाला लागली तर बाधते, असं त्यांचं शास्त्र होतं. सोयीचं शास्त्र माणसाला तोंडपाठ असतं.

सांगून टाकावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिला केसरबाई आठवली. केसरबाई ही मोहनरावांची पहिली बायको. दिवाळीत हैदराबादहून आणलेली काचेची हंडी तिच्या हातून फुटली. पाहुणे बसले होते, म्हणून मोहनराव नुसते हसले, चार माणसांना ऐकू जाईल असे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी जुंपली आणि तिला चकलांब्याला भावाच्या दारात नेऊन उतरवलं. त्याला सात वर्षं झाली. रुक्मिणीबाई या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला ती गोष्ट ऐकवण्यात आली, आणि छबू जन्मल्यावर त्या गोष्टीपुढं आणखी एक वाक्य लागलं. तू गेलीस तरी पोर इथंच राहील. छबू आता चार वर्षांची होती. पाणी भरताना, भाकरी थापताना, कुठंही काही खळ्ळ वाजलं की रुक्मिणीबाई आधी अंगणातल्या गाडीकडे बघे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहनराव पाहुण्यांना आणायला वेशीपर्यंत गेले. माजघराचं दार लोटून दोघी बायका बाटल्यांपुढं बसल्या. बुचं निघाली. रुक्मिणीबाईनं कापडही न लावता अशी धार धरली की गाळाचा एक कण पुढं आला नाही. दोन वाडग्यांत दोन दारू. एकीचा रंग गर्द जांभळा, दुसरीचा विटकरी. आता यातली जुनी कुठली?

"लुगडं जुनं झालं की विटतंय," बायनाबाई म्हणाली.

"आन् चिंच जुनी झाली की काळी पडतीय," रुक्मिणीबाई म्हणाली.

बायनाबाई मोठ्या मनाची. तुमचा उपास आहे, मी चाखते, माझं काय बिघडतं, असं म्हणून तिनं दोन्ही वाडग्यांतला एकेक घोट घेतला आणि दोन्ही सारखंच कडू पाणी आहे म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं मिश्री लावलेल्या जिभेकडून आणखी काय ऐकायला मिळणार?

बाहेर उन्हं कलली होती. पाहुण्यांच्या घोड्यांचा आवाज आत्ता येईल, मग येईल, असं दर क्षणाला वाटत होतं. पलीकडच्या देवघरात अखंड दिवा जळत होता, आणि घटातलं धान बोटभर वर आलं होतं. पाच दिवस रुक्मिणीबाईच्या पोटात दुधाशिवाय काही गेलं नव्हतं. तिनं देवघराकडे पाठ केली. आई योगेश्वरी, डोळे मीट, एवढंच ती म्हणाली, आणि बोट बुडवून जिभेवर ठेवलं. बोटानं कळेना, तेव्हा तिनं घोट घेतला.

जांभळीनं जीभ धरली. कच्च्या जांभळानं घसा आवळतो तसा आवळला, आणि मग आंबट टोचलं. विटकरी मात्र तोंडात गेली आणि काही बोललीच नाही. ती हळूहळू उलगडली. तंबाखूचं सुकं पान, पेवातली माती, दोन वर्षांच्या चिंचेचा तो मऊ गोडवा. चिंचेचा रंग फसवतो, पण चव फसवत नाही, हे तिला ठाऊक होतं. नवी चिंच भांडते, जुनी चिंच मुकाट्यानं आमटीत विरते. विटकरीच जुनी. तिनं ती चांदीच्या गळ्याच्या सुरईत ओतली.

मग तिनं चार लवंगा चावल्या, चूळ भरली, अंगावर थंड पाणी ओतून घेतलं. तरी आपल्या तोंडाचा वास घरभर सुटलाय असं तिला वाटत राहिलं. मोहनराव आले तेव्हा ती पदर तोंडावर धरूनच बोलली.

दिवे लागायच्या सुमाराला ओसरीवर बैठक बसली. रुक्मिणीबाई दाराच्या फटीला डोळा लावून उभी. फरामजी साहेबांच्या जिभेचा हैदराबादेत दबदबा होता. बड्या मेजवान्यांत त्यांनी घोट घेऊन मान हलवली की यजमानाचा जीव भांड्यात पडे. त्यांनी पेला उचलला, नाकाशी नेला, पुन्हा नेला, तिसऱ्यांदा नेला. कपाळावर घामाचे थेंब आले. आणि रुक्मिणीबाईला चटका बसावा तसं एकदम कळलं. गेल्या साली मानमोडीच्या तापानं गावातल्या साठ-सत्तर माणसांना नेलं, तिच्या सासूलाही नेलं. ती स्वतः वाचली, पण दोन महिने तिला करपलेल्या दुधाचा वास येत नव्हता. तीही भांडं असंच नाकाशी नेऊन नेऊन बघायची. साहेबांना वास येत नव्हता. म्हणून तर चांदीचा गळा आणि साधा गळा.

तालुकदार साहेब मौजी माणूस. चांदीच्या गळ्यात जुनी हे तर ठाऊकच आहे, सुरया बघून ओळखण्यात काय मोठेपण, म्हणत त्यांनी पाठ फिरवली, दोन पेले भरले आणि फरामजींच्या पुढं ठेवले. जुनी कुठली ते सांगा. फरामजींनी दोन्ही चाखले, परत चाखले, आणि एका पेल्यावर बोट ठेवलं.

"ही तर साध्या सुरईतली," तालुकदार म्हणाले.

फरामजींचा चेहरा रिकामा झाला, मग कडक झाला. त्यांनी पेला खाली ठेवला.

"मग ओतणाऱ्यानं उलट ओतलंय. बाटल्या आणा. कागदावर दिसेलच."

बाटल्या आल्या. दिव्याच्या उजेडात त्या लखलखत होत्या, आणि कागदाचा एक कपटाही त्यांच्यावर नव्हता. मोहनरावांनी त्या हातात घेऊन फिरवल्या, आणि मग दाराकडे पाहिलं.

रुक्मिणीबाईनं पुढचं मनात मांडून पाहिलं. गप्प राहिली तर साहेबांची चूक तिच्या पदरात पडणार आणि उद्या गाडी जुंपली जाणार. बोलली तर आपल्या तोंडानं सांगावं लागणार की घट बसलेला असताना या घरच्या सुनेनं दारू चाखली, आणि तरीही गाडी जुंपली जाणार. दोन्हीकडून छबू जात होती. तिच्या मनात एक भाबडा विचार आला की साहेब आता बोलतील, नाकाचं सांगतील. तिनं वाट पाहिली. साहेब बुटांकडे बघत होते. आणि मग भीतीच्याही तळाशी कुठंतरी तिला राग आला. ज्याला वास येत नाही त्यानं तिला खोटं पाडावं?

ती दाराआडूनच बोलली.

"म्या वतलीय. उलट न्हाई वतली. चांदीच्या गळ्याची जुनी हाय. ती मऊ हाय, जुन्या चिंचंवानी. दुसरी जिभेला धरतीय."

"तुला काय ठावं?" मोहनराव म्हणाले.

"म्या चाखली."

तालुकदारांनी दोन्ही पेले पुन्हा उचलले. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शेवटी ते म्हणाले, बाई अगदी बरोबर सांगते आहे, आणि मोहनरावांच्या घरात असली जीभ आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी मनापासून तारीफ केली. मोहनराव हसले. चार माणसांना ऐकू जाईल असे हसले.

रुक्मिणीबाईनं ते हसणं याआधी कधी ऐकलं नव्हतं, तरी ओळखलं.

सकाळी अंगणात आश्रुबा गाडीवान बैल जुंपत होता. वडवणीला, तिच्या माहेरी. मोहनरावांनी आवाज चढवला नाही. लुगडी बांधलेली आहेत, घट उठेपर्यंत या घरात तुझी सावली नको, आणि नंतरचं नंतर बघू, एवढंच त्यांनी सांगितलं. नंतरचं केसरबाईला सात वर्षं कुणी दाखवलं नव्हतं.

फरामजी साहेब रात्री ओसरीवरच मुक्कामाला होते. ते गाडीपाशी आले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. ते मोहनरावांना म्हणाले की चूक माझी आहे, मानमोडीपासून मला ना वास येतो ना चव, वर्षभर मी कागद वाचून मान हलवतोय. काल हे बोलायला जीभ रेटली नाही. रुक्मिणीबाईनं ऐकलं. खरं बोललेलं ते, पण एका रात्रीनं शिळं झालेलं.

"सायेब, तुमचं नाक तुमी बघा," मोहनराव म्हणाले. "माज्या घरात घट बसलाय."

तेवढ्यात छबू झोपेतून उठून धावत आली. बाहेरगावी जायचं म्हणून खूश. ती गाडीत बसलेल्या आईच्या मांडीवर चढली आणि तिनं पदर मुठीत धरला. मोहनराव पुढं झाले. पोर खाली दे, म्हणाले.

या घरात आल्यापासून रुक्मिणीबाई ज्या गाडीला भीत होती, त्या गाडीत ती बसली होती. तिनं दोन्ही हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवले.

"म्या धरली न्हाई तिला," ती म्हणाली. "तिनं धरलंय. तुमीच सोडवा."

मोहनरावांनी सोडवायला घेतलं. करंगळी सुटली, अनामिका सुटली, आणि मधल्या बोटाला हात घातला तोवर करंगळी परत आवळली. छबूला तो खेळ वाटला. ती हसली आणि तिनं दुसरीही मूठ घातली. साहेब बघत होते, आश्रुबा बघत होता, कुडाआडून बायनाबाई आणि शेजारच्या चार बायका बघत होत्या. मोहनरावांनी पुन्हा सुरुवात केली. आता पोर हसायची थांबली होती आणि बापाच्या तोंडाकडे बघत होती. त्यांची बोटं घामानं निसटायला लागली.

त्यांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला, आणि कुणाकडेही न बघता आश्रुबाला म्हणाले, "हाक."